धैर्यवान सरांना स्टार्ट सापडेना

रघुवीर धैर्यवान हे आडनावाला जागणारे गृहस्थ होते. भटका कुत्रा, पाल, सोसायटीचा सेक्रेटरी, यांपैकी कशालाच ते घाबरत नसत, आणि कॉम्प्युटरला तर मुळीच नाही. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत ते नोकरीला होते तेव्हा ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. बाकीचे कारकून दुरूनच त्याच्याकडे बघत उभे राहिले. रघुवीररावांनी पुढे होऊन बटण दाबलं. त्या एका बटणावर त्यांची उरलेली सगळी नोकरी निघाली. कुणाचं काही अडलं की साहेब म्हणायचे, "धैर्यवानांना विचारा." मग धैर्यवान यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, अडलेल्या माणसाला खुर्चीतून उठवायचे आणि स्वतः बसायचे.

निवृत्त झाल्यावर विचारणारे कमी झाले. धैर्यवान मूळचे गिरगावातले पाठारे प्रभू, पण आता बरीच वर्षं माटुंग्याला राहत होते, आणि माटुंग्याच्या त्या इमारतीला त्यांचा पुरता अनुभव आला होता. कुणी साधं "फोटो कसा पाठवायचा हो?" म्हणून विचारलं, तरी ते फोन म्हणजे काय इथपासून सुरुवात करत. हळूहळू असं झालं की जिन्यात त्यांची चाहूल लागली की पहिल्या मजल्यावरची माणसंसुद्धा लिफ्टची वाट बघत उभी राहू लागली. राहता राहिल्या त्यांच्या पत्नी, उर्मिलाबाई. त्यांना लिफ्टची सोय नव्हती.

उर्मिलाबाई परळच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होत्या. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, प्रिती कासारे, परळच्याच एका रक्तपेढीत कामाला होती आणि ड्यूटी सांभाळून भोईवाड्यात प्रज्ञा अभ्यासिका चालवत होती. बुद्धविहाराला लागून असलेल्या चाळीतला तळमजल्यावरचा एक लांबट हॉल, तीच अभ्यासिका. सकाळ-संध्याकाळ तिथे मुलं अभ्यासाला बसायची, दुपारी हॉल रिकामा असायचा. एक दिवस प्रितीचा फोन आला. गल्लीतल्या वयस्कर माणसांना कॉम्प्युटर शिकायचा होता.

"बाई, तुमच्या ओळखीत कोण आहे का शिकवणारं? पोरं शिकवतात, पण ती भराभर करून टाकतात. आमच्या लोकांना काय कळतच नाही."

उर्मिलाबाईंनी समोर बघितलं. समोर रघुवीरराव टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून, ते का काढले हे त्यांना समजावून सांगत होते.

"आहे की," त्या म्हणाल्या. "कधीपासून पाठवू?"

रघुवीररावांनी आढेवेढे घेतले, पण ते घ्यायचे म्हणून. आतून ते फुलून गेले होते. समाजाचं आपण काही देणं लागतो असं ते दोन दिवस घरात येता-जाता म्हणत होते. त्यांनी पहिल्या दिवसाचं भाषणसुद्धा तयार केलं. त्यातलं कळीचं वाक्य असं होतं: "घाबरू नका. सगळ्याची सुरुवात एका बटणापासून होते. डावीकडे, खाली, स्टार्ट." हे वाक्य त्यांनी आरशासमोर हातवाऱ्यांसकट म्हणून बघितलं. उर्मिलाबाई म्हणाल्या, "हात जरा कमी हलवा. तिथे जागा लहान आहे."

भोईवाड्यात त्यांचं स्वागत चांगलं झालं. आठ-दहा जण वाट बघत बसले होते. सगळ्यांत पुढे शैलाताई. एका मोठ्या इस्पितळात आया म्हणून त्यांची नोकरी झाली होती आणि त्यांचा आवाज असा होता की वॉर्डात शिरताना डॉक्टरसुद्धा आधी चपला पुसत. त्यांच्या शेजारी बुधाजी. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन, आणि आता विहाराच्या कामात. बुधाजी कमी बोलायचे, पण एखाद्यावर विश्वास टाकला की तो परत घ्यायचा नाही अशी त्यांची रीत होती.

प्रितीने ओळख करून दिली आणि निघता निघता म्हणाली, "सर, मशिनं जुनी आहेत हां. एका ऑफिसने काढून टाकलेली. नवीन विंडोज त्याच्यावर चालतच नाही, म्हणून लिनक्स टाकून घेतलंय. तुम्हाला चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" रघुवीरराव म्हणाले.

लिनक्स हे नाव त्यांनी ऐकलं होतं. पण दूरच्या एखाद्या नातेवाइकाचं नाव ऐकून असावं तसं; लग्नात भेटलाच तर हसायचं, एवढ्यापुरतं. प्रिती ड्यूटीला गेली. रघुवीररावांनी भाषण केलं. मशिनं सुरू झाली.

"तर आता डावीकडे, खाली, तुम्हाला दिसेल..." असं म्हणून त्यांनी शैलाताईंच्या पडद्याकडे बोट केलं आणि ते बोट तिथेच राहिलं. डावीकडे खाली काहीच नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. एक पट्टी होती, पण ती वर.

"काय दिसेल सर?" शैलाताईंनी विचारलं.

"दिसेल. जरा थांबा."

सगळे थांबले. मग मागून बुधाजींचा शांत आवाज आला. "सर, वरती उंदीर हाय."

दोघी बायकांनी पाय वर घेतले. पण बुधाजी पडद्याकडे बघत होते. वरच्या कोपऱ्यात खरंच एक छोटंसं उंदराचं चित्र होतं. रघुवीररावांना वाटलं, व्हायरस. त्यांनी सगळ्यांना हात मागे घ्यायला सांगितलं. शैलाताईंचा हात मागे घेता घेता माऊसवर पडला, आणि त्या उंदराखालून एक लांबलचक यादी सळसळत खाली आली.

यादी मराठीत होती, हा त्यातला खरा घोटाळा. रघुवीरराव घरात उत्तम मराठी बोलत, पण कॉम्प्युटरशी त्यांचं नातं इंग्रजीतूनच जुळलं होतं. तिथे त्यांना फाइलच्या जागी 'धारिका' आणि एडिटच्या जागी 'संपादन' असले शब्द भेटले, आणि आपल्याच गावात पत्ता विचारावा लागतोय असं त्यांना होऊन गेलं.

"सर, इथं 'मदत' लिवलंय," बुधाजी म्हणाले. "दाबू?"

"मदतीची काही गरज नाही," रघुवीरराव म्हणाले. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, न वाजलेला फोन कानाला लावला, "हं, बोला," असं म्हणत बाहेर व्हरांड्यात गेले, आणि खांबाआड उभं राहून लिनक्समध्ये स्टार्ट कुठे असतं हे शोधू लागले.

पाच मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ववत झाला होता. "तर या उंदरालाच आपण सुरुवात म्हणतो," ते म्हणाले. "मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, बघू कोण ओळखतं." बुधाजींनी मान डोलावली. त्या दिवशी सरांना आणखी बरेच फोन आले.

वर्ग सुटल्यावर त्यांनी त्यातलं एक मशीन टॅक्सीत घालून घरी नेलं. प्रितीला फोनवर सांगितलं, "जरा बिघाड वाटतोय. बघून आणतो."

त्यानंतरचे दिवस रघुवीररावांना जड गेले. खरं म्हणजे त्यांच्यावर कित्येक वर्षांत कशाचाच नवशिका होण्याची वेळ आली नव्हती, आणि ती कशी असते हे ते विसरूनही गेले होते. सकाळचा चहा झाला की ते त्या मशीनसमोर बसत. त्यांनी सी ड्राइव्ह शोधला. सी नव्हताच. डी पण नव्हता. त्याऐवजी एक 'घर' होतं आणि आपलं सगळं म्हणे त्या घरात. "असं कसं, सगळं एकाच घरात?" असं ते मोठ्याने म्हणाले. उर्मिलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय वाईट आहे? आपलंही तसंच आहे."

मराठी टायपिंगसाठी काहीतरी टाकून घ्यायचं होतं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की अमुक काळी खिडकी उघडा, अमुक ओळ लिहा, पासवर्ड द्या. त्यांनी ओळ लिहिली. पासवर्ड मागितला. ते एकेक कळ दाबत गेले, आणि पडद्यावर काहीच उमटेना. टिंब नाही, चांदणी नाही, काही नाही. त्यांनी जोरात दाबून बघितलं. कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बिस्किटाचा चुरा पडला, पासवर्ड काही पडला नाही. शेवटी ते बसने लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानदाराने कीबोर्ड आपल्या मशीनला लावला, भराभर टाइप करून दाखवलं आणि म्हणाला, "काका, हा तर मस्त चालतोय." तरी रघुवीररावांनी नवा घेतला. नव्यानेही काही उमटलं नाही.

त्या दुपारी त्यांनी बेंगळुरूला मुलीला, वल्लरीला, फोन केला. ती सॉफ्टवेअरमध्ये होती.

"बाबा, तिथे पासवर्ड दिसतच नाही," ती म्हणाली. "न बघता लिहायचा आणि एंटर मारायचा."

"दिसत नाही म्हणजे? मग माणसाने समजायचं कसं?"

"विश्वास ठेवायचा." मग तिच्या एकदम लक्षात आलं. "पण बाबा, तुम्ही लिनक्स वापरताय? आमच्या ऑफिसात सगळे हेच वापरतात."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

यावर रघुवीररावांनी नेटवर्क नीट नसल्याचं सांगून फोन ठेवला. पण एंटर मारल्यावर ती काळी खिडकी खरंच कामाला लागली, आणि ओळींमागून ओळी धावू लागल्या, तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. कितीतरी वेळ ते नुसते बघत राहिले. उर्मिलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांना नवऱ्याचा तो चेहरा ओळखीचा वाटेना. काहीच न समजावता तो माणूस चक्क काहीतरी बघत बसला होता. त्या कप ठेवून आवाज न करता गेल्या.

इकडे वर्ग चालूच होता, आणि नवल म्हणजे बरा चालला होता. सरांना आदल्या दिवशी जेवढं कळे तेवढं ते दुसऱ्या दिवशी शिकवत. त्याच्या पुढे जाण्याची त्यांची ऐपतच नव्हती, त्यामुळे वर्गाला धाप लागत नव्हती. अडलं की ते व्हरांड्यात जात. फक्त एक गोष्ट त्यांना चमत्कारिक वाटू लागली होती. शैलाताई मधेच उठून बाहेर जायच्या. बुधाजीही जायचे. मग हळूहळू सगळेच. पडद्याकडे बघत बघत कुणीतरी उठायचं, व्हरांड्यात जाऊन खांबापाशी उभं राहायचं आणि थोड्या वेळाने परत येऊन बसायचं. वय झालं की असं होतं, अशी रघुवीररावांनी स्वतःची समजूत घातली आणि सौजन्य म्हणून कधी कुणाला विचारलं नाही.

अशात अभ्यासिकेचा वर्धापनदिन आला. दरवर्षी निमंत्रणपत्रिका बाहेरून करून आणत. यंदा बुधाजी म्हणाले, "सर हायत की." सगळ्यांनी सरांकडे बघितलं. अशा वेळी धैर्यवान घराण्यातला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. "सोडा माझ्यावर," ते म्हणाले. "दोन तासांचं काम."

दोन तासांत त्यांचं 'सप्रेम' झालं. मराठी कीबोर्डवर कुठलं अक्षर कुठे दडलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. सगळ्यांत छळलं ते 'ज्ञ'ने. अभ्यासिकेचं नावच प्रज्ञा. 'ज्ञ'शिवाय एक पाऊल पुढे जाता येईना. मग त्यांनी कच्चा मसुदा करायचं ठरवलं. जिथे अडेल तिथे कंसात काहीतरी लिहायचं आणि पुढे जायचं. तो मसुदा त्यांनी 'nimantran' नावाने ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी 'ज्ञ' पाचाच्या कळीवर, शिफ्टच्या आड सापडला, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो ओळभर टाइप केला. मग त्यांनी नव्याने सुंदर पत्रिका केली, वेळ घातली, स्थळ घातलं, भोवती वेलबुट्टी काढली आणि शुभकार्य म्हणून नावाचं पहिलं अक्षर मोठं केलं: 'Nimantran'.

आता त्यांच्या सगळ्या आयुष्याचा अनुभव असा होता की एका नावाच्या दोन फाइली एका ठिकाणी राहूच शकत नाहीत. मोठं अक्षर काय, लहान काय, कॉम्प्युटरला सारखंच. पण ते त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला. या नव्याला मोठा N वेगळा आणि लहान n वेगळा. त्यांना 'घरा'त दोन निमंत्रणं दिसली, नाही असं नाही. त्यांना वाटलं, मशीन जुनं आहे, एकच गोष्ट दोनदा दाखवतंय. त्यातलं एक त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतलं, भोईवाडा कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे दिलं, गठ्ठा झाला की बुधाजींना पोचव म्हणून सांगितलं आणि शीळ घालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रितीचा फोन आला. ती रक्तपेढीतून बोलत होती आणि तिचा आवाज एका पट्टीत राहत नव्हता.

"सर, पत्रिका तुम्ही बघितली?"

"मीच केली आहे."

"वाचून दाखवू?"

आणि तिने वाचली. "सप्रेम जयभीम. आपल्या प्र, कंसात, ते अक्षर सापडल्यावर, कंस पूर्ण, अभ्यासिकेचा वर्धापनदिन रविवारी साजरा होत आहे. वेळ, प्रितीला विचारणे. प्रमुख पाहुणे, कोणी मिळाल्यास. अल्पोपाहार, शैलाताई काय ते बघतील. आपले नम्र, नावे नंतर."

पलीकडून दुसऱ्या फोनची घंटा ऐकू येत होती.

"ती ऐका," प्रिती म्हणाली. "सकाळपासून वाजतेय. प्रितीला विचारणे लिहिलंय ना, म्हणून अख्खा भोईवाडा मला विचारतोय. मोबाइल लागला नाही तर रक्तपेढीच्या लँडलाइनवर. आमच्या डॉक्टरांना वाटलं कुठे अपघात झालाय, एवढे फोन कसले."

"बुधाजींनी वाटण्याआधी वाचली नाही का?"

"वाचली. म्हणाले, सरांनी केलंय म्हणजे कायतरी विचार असेल."

रघुवीरराव लागलीच निघाले. उर्मिलाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ही गोष्टही त्या घरात नवीन होती.

अभ्यासिकेत वर्ग जमलेला होता. प्रितीही अर्धी रजा टाकून आली होती. एक चांगली गोष्ट अशी होती की शैलाताई खूश होत्या. त्यांचं नाव आजवर कुठे छापून आलं नव्हतं. पत्रिकेत सबंध गल्लीसमोर अल्पोपाहार त्यांच्या हवाली केलेला बघून त्या सकाळीच बटाटे बघायला बाजारात जाऊन आल्या होत्या. शिवाय 'कोणी मिळाल्यास' हे वाचून विभागातल्या तीन प्रतिष्ठित गृहस्थांनी, एकमेकांना न सांगता, आपण मोकळे असल्याचं कळवलं होतं.

रघुवीरराव उभे राहिले. चष्मा कपाळावर न्यायला हात गेला, पण तो त्यांनी खाली आणला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पत्रिकेचीच नाही, सगळीच. मला ही सिस्टिम येत नव्हती. पहिल्या दिवशी तुम्ही ती बघितलीत तेव्हाच मीही पहिल्यांदा बघितली. मला फोनबिन काही येत नव्हते. मी बाहेर जाऊन शोधून यायचो आणि तुम्हाला सांगायचो."

विहारात कुणीतरी झाडू मारत होतं. मग बुधाजी शेजाऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मोठी मानसं अशीच बोलतात."

"अहो बुधाजी, मी खरं सांगतोय."

"गिरणीत आमच्या खात्यात एक जॉबर व्हता, सर, म्हंजे मुकादम. तोपन म्हनायचा, मला काय येतं? आनि डोळे मिटून बंद पडलेला साचा खोलायचा."

"मला नाही हो येत खोलता."

"बघा," बुधाजी सगळ्यांना म्हणाले.

रघुवीररावांनी हताश होऊन शैलाताईंकडे बघितलं. शैलाताई मात्र विचारात पडल्या होत्या. "थांबा सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही शोधायला बाहेर जायचात, हे समजलं. मग आम्ही कशाला जात होतो?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही कशाला जात होतात?"

"तुम्ही जायचात म्हणून. मला वाटलं अशीच पद्धत असेल. अडलं की बाहेर जाऊन उभं राहायचं, मग येऊन परत करायचं. मला तर पुष्कळ वेळा जमायचं पण."

"मलाबी," बुधाजी म्हणाले.

प्रिती इतका वेळ दाराशी हाताची घडी घालून, रागावलेली राहण्याचा प्रयत्न करत उभी होती. तिला आता हसू आवरेना. ती तोंड फिरवून व्हरांड्यात गेली, आणि ते बघून मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "हिचं पण अडलं वाटतं."

पुढे रघुवीररावांनी बराच प्रयत्न केला, पण आपलं अज्ञान काही त्यांना सिद्ध करता आलं नाही. जितकं ते सांगत तितका वर्गाचा आदर वाढत गेला. वर्ग सुटल्यावर प्रिती तेवढी म्हणाली, "मला माहीत होतं, सर. दुरुस्तीला नेलंत ते मशीन चांगलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दुसरा कोण मिळणार होता? आणि तुम्ही हळू शिकवत होतात. आमच्या लोकांना तेच पाहिजे होतं." मग ती जरा कडक आवाजात म्हणाली, "पण पुढच्या वेळी छापायच्या आधी मला दाखवा."

रविवारचा कार्यक्रम मात्र असा भरला की तसा पूर्वी भरला नव्हता. एरवी पत्रिका वाचून माणसं विसरून जायची. यंदा प्रत्येकाने वेळ तोंडाने विचारून घेतली होती, ती विसरणार कशी? माणसं व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसली. तिन्ही प्रतिष्ठितांना प्रितीने बरोब्बर वाटून टाकलं: एकाने प्रतिमांना पुष्पहार घातले, एकाने बक्षिसं दिली, एकाकडे आभार गेले. आणि प्रमुख पाहुण्या म्हणून तिने आपल्या शाळेतल्या बाईंना बोलावलं.

उर्मिलाबाई थोडंच बोलल्या. प्रिती शाळेत असताना पाढे म्हणायला कशी टाळायची ते सांगितलं. मग म्हणाल्या, "मला कळलं की धैर्यवान सरांनी इथे उभं राहून 'मला येत नाही' असं सांगितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ते वाक्य ऐकलेलं नाही. मला त्या दिवशीच बोलावलं असतंत तर बरं झालं असतं." सगळे हसले. रघुवीररावही हसले, बाकीच्यांपेक्षा जरा उशिरा. बुधाजी तेवढे गंभीर होते. बाईंना अजून सरांची थोरवी समजलेली दिसत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

शैलाताईंचे वडे लोकांनी मागून मागून खाल्ले.

सोमवारी वर्ग नेहमीप्रमाणे भरला. रघुवीरराव काही तयारी न करता गेले होते. रविवारच्या गडबडीत मशीनसमोर बसायला वेळच झाला नव्हता. त्यांनी विचारलं, "आज काय करू या?"

"माझं गाव दिसेल का ह्याच्यात?" शैलाताई म्हणाल्या. "मंडणगडच्या पुढे आहे. लहान आहे हां."

"दिसायला हवं," रघुवीरराव म्हणाले. "कसं काढायचं ते ठाऊक नाही मला. बसा तुम्ही, बघू."

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि शैलाताईंच्या शेजारी बसले. माऊस शैलाताईंच्याच हातात होता. उपग्रहाचा नकाशा उघडायलाच बराच वेळ गेला. मग त्या एकदा समुद्रात गेल्या, एकदा भलत्याच राज्यात, पण अखेर खाडी सापडली, खाडीवरून रस्ता सापडला, आणि सगळा वर्ग पाठीमागे येऊन उभा राहिला. बुधाजींचं गावही त्याच बाजूचं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हितनं उजवीकडं. शाळेवरनं."

"उजवीकडे कसं, बुधाजीदादा? शाळा तर डावीकडे राहते."

"तू माहेरची वाट सांगतेस. यष्टी उजवीकडनंच जाते."

"यष्टी त्या वाटेने कधी गेलीच नाही," शैलाताई म्हणाल्या, आणि रघुवीररावांकडे वळल्या. "सर, तुम्ही सांगा."

"मी त्या गावी गेलेलो नाही," रघुवीरराव म्हणाले, आणि चष्मा पुसून पडद्याच्या आणखी जवळ सरकले. "पण जरा मोठं करून बघा. खाडीपलीकडे छप्परं दिसतायत काहीतरी."